ताई, पॅच वाचायचा म्हणजे नेमकं काय वाचायचं?

मागच्या अंकात ड्रायव्हरबद्दल, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडबद्दल, लिहिताना शेवटी मी सहज बोलून गेले की स्वतःचा कोड लिहायच्या आधी दुसऱ्याचे पॅच (म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल) वाचा, आणि त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर आली नाहीत. बहुतेकांचा सूर एकच, वाचतो हो पण वाचून करायचं काय. तर यावेळची सगळी पानं लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हर पॅचच्या रिव्ह्यूला, म्हणजे ते वाचून तपासण्याला. ज्यांना मोबाइलची बॅटरी लवकर का संपते हे विचारायचं होतं त्यांनी पुढच्या अंकापर्यंत चार्जर जवळ ठेवा.

प्रश्न : ताई, मी एका एम्बेडेड कंपनीत आहे, तीन वर्षं झाली. शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने एका टेम्परेचर सेन्सरचा ड्रायव्हर लिहिलाय, आय-टू-सी बसवरचा (चिप एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची वाट), साधारण 300 ओळी, आणि तो मेन कर्नलमध्ये पाठवायचाय. मला म्हणाला पाठवायच्या आधी एकदा नजर टाक. मी दोन तास बसलो, कोड चांगला वाटला, कमेंटमधल्या दोन स्पेलिंगच्या चुका काढल्या आणि मस्त आहे म्हणून सांगितलं. पण मनात राहिलं, रिव्ह्यू म्हणजे एवढंच असतं का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : एवढंच नसतं, पण लाजू नका, पहिला रिव्ह्यू स्पेलिंगचाच असतो, माझाही होता. गंमत अशी की ड्रायव्हर वरून खाली वाचला की तो कायम बरोबरच वाटतो, कारण लिहिणाऱ्याने तो चालवून बघितलेला असतो, सेन्सर जोडला, आकडा आला, गडी खूश. म्हणजे तुम्ही जो रस्ता वाचलात तो त्याने आधीच चालून बघितलेला. कोणीच चाललं नाही तो रस्ता वाचायचा राहिला. मी तर नवा ड्रायव्हर आला की उलटा वाचते, आधी रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन), मग प्रोबमधल्या एररच्या शाखा, आणि रीडिंग घेणारं मुख्य फंक्शन सगळ्यात शेवटी.

प्रोब म्हणजे डिव्हाइस सापडलं की कर्नल जे फंक्शन बोलावतो ते, हे मागच्या वेळी झालंय. त्यात ड्रायव्हर एकामागून एक गोष्टी मागतो, मेमरी, रेग्युलेटर (चिपला वीज देणारा), इंटरप्ट (हार्डवेअरने कर्नलला मारलेली हाक), आणि शेवटी हार्डवेअर मॉनिटरिंगवाल्यांकडे (तापमान, पंखे वगैरे बघणारा कर्नलचा भाग) नोंदणी. आता कागद-पेन घ्या (खरंच घ्या) आणि प्रत्येक मागणीपुढे लिहा की इथे नकार मिळाला तर आधी घेतलेलं कोण परत करणार. तिसरी वस्तू मिळाली नाही आणि फंक्शन तसंच एरर देऊन बाहेर पडलं तर रेग्युलेटर चालूच राहिला, त्याला बंद करणारं आता कोणी उरलंच नाही. लग्न मोडलं, हॉल रद्द केला, पण आचाऱ्याला कोणी कळवलंच नाही, तसला प्रकार.

यावर उतारा म्हणून डेव्हएम या अक्षरांनी सुरू होणारी फंक्शनं आहेत, ती वापरली की ड्रायव्हर निघताना कर्नल स्वतःच सगळं उलट्या क्रमाने परत करतो. पण माणसं काय करतात, अर्ध्या वस्तू डेव्हएमने घेतात आणि अर्ध्या हाताने, आणि इथे मला सगळ्यात जास्त चुका सापडल्यात. समजा इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि वीज हाताने चालू केली, रिमूव्हमध्ये हाताने बंद केली. डेव्हएमची आवराआवर रिमूव्ह संपल्यानंतर सुरू होते, म्हणजे मधल्या त्या क्षणात वीज बंद आणि इंटरप्ट जिवंत. तुमच्या मित्राच्या सेन्सरमध्ये फार तर एक रीडिंग फसेल, पण हीच चूक चिपच्या आतल्या एखाद्या ब्लॉकच्या ड्रायव्हरमध्ये क्लॉकच्या (ब्लॉकला चालवणाऱ्या ठोक्याच्या) बाबतीत झाली तर हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) बंद क्लॉकवरचं रजिस्टर (चिपमधला छोटा कप्पा) वाचायला जातो आणि बऱ्याच एआरएम चिपवर अख्खी सिस्टिम तिथल्या तिथे गोठते, लॉगमध्ये एक ओळसुद्धा न लिहिता. मग बसा शोधत.

इंटरप्टचंच अजून एक. तो मागितला त्या क्षणापासून वाजू शकतो, तुमचं प्रोब पूर्ण झालंय की नाही याची तो वाट बघत नाही. म्हणून हँडलर ज्या ज्या गोष्टींना हात लावतो, म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) असेल, पॉइंटर असेल, त्या सगळ्या आधी तयार पाहिजेत. मित्राच्या कोडमध्ये इंटरप्ट मागायची ओळ आणि म्यूटेक्स तयार करायची ओळ यात वर कोण, खाली कोण, एवढं बघा. आणि हँडलरमधून सेन्सरशी बोलत असेल तर तो थ्रेडेड, म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा, आहे ना हेही बघा, कारण आय-टू-सीवर बोलणं म्हणजे थांबणं आलं, आणि साध्या इंटरप्टच्या हँडलरमध्ये थांबायला परवानगी नाही.

मग रीडिंगचा भाग. रजिस्टर वाचणाऱ्या प्रत्येक फंक्शनचा परतावा तपासलाय का? सैल झालेली वायर, दुसऱ्या कोणी अडवलेली बस, काहीही कारण असू शकतं, वाचन फसतं. परतावा न बघता पुढे गेलं की व्हेरिएबलमध्ये जो कचरा पडला होता तोच तापमान म्हणून वर जातो, आणि वर एखादा प्रोग्राम त्या आकड्यावर पंखा चालवत बसलेला असतो.

आणि ऋण तापमान! हे मी मुद्दाम लांबवून सांगते कारण आपल्याकडच्या टेस्टिंगमध्ये हे हमखास निसटतं. समजा 12 बिटचा सेन्सर आहे, एक पायरी 0.0625 अंशाची. 25 अंशाला तो 400 देतो, हिशोब सरळ. उणे 25 ला मात्र तो 3696 देतो, कारण ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये असते, 4096 वजा 400. ड्रायव्हरने चिन्हाचा बिट सांभाळला नाही तर डीप फ्रीझरमध्ये ठेवलेला सेन्सर 231 अंश दाखवणार. चिंचवडच्या ऑफिसात बसून हे आयुष्यात दिसणार नाही, निफाडची थंडी पडली तरी नाही, पण हाच कर्नल लेहमध्ये पण चालतो आणि कोल्ड स्टोरेजमध्ये पण. याला हार्डवेअर लागत नाही, डेटाशीटमधला तक्ता उघडायचा आणि तीन आकडे हाताने करून बघायचे, एक धन, एक शून्य, एक ऋण. हे करताना युनिटही बघून घ्या, हार्डवेअर मॉनिटरिंगमध्ये तापमान मिलिअंशात द्यायचं असतं, 25 अंश म्हणजे 25000. बाइटचा क्रमही तिथेच बघायचा, कारण एसएमबस (आय-टू-सीवर बेतलेली बोलण्याची पद्धत) वर्डमधला आधी आलेला बाइट खालचा समजतो आणि बरेच सेन्सर आधी वरचा पाठवतात.

शेवटचं, आणि हे कोडपेक्षा महत्त्वाचं. ड्रायव्हर सिसएफएसमध्ये (कर्नल डिव्हाइसची माहिती फाइलच्या रूपात दाखवतो तिथे) स्वतःची काही नवी फाइल बनवतोय का? ठरलेल्या नावाची, म्हणजे टेम्प1_इनपुट वगैरे, असेल तर प्रश्न नाही. पण मित्राने हौसेने काही वेगळी फाइल घातली असेल तर त्याला विचारा की हे नाव पुढची 20 वर्षं सांभाळणार का, कारण एकदा रिलीज झाली आणि कोणाचा प्रोग्राम तिच्यावर अवलंबून राहिला की ती काढता येत नाही, युजरचा चालणारा प्रोग्राम मोडायचा नाही यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स अजिबात ऐकून घेत नाहीत. आतला कोड उद्या सगळा बदलता येतो. डिव्हाइसट्रीचं (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे त्याचं वर्णन) बाइंडिंग, म्हणजे ते वर्णन कसं लिहायचं याचे नियम, असेल तर तेही असंच, ते वेगळ्या पॅचमध्ये, ड्रायव्हरच्या आधी, आणि त्यात हार्डवेअर कसं आहे एवढंच लिहायचं, ड्रायव्हरला ते कसं वापरायचंय ते नाही.

प्रश्न : माझ्याकडे ते हार्डवेअरच नाहीये. मग मी कुठल्या तोंडाने रिव्ह्यू करू? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : सगळे करतात त्याच तोंडाने. कर्नलच्या कोडमध्ये निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हरच्या आहेत, आणि एवढं सगळं हार्डवेअर ज्याच्या टेबलावर आहे असा मेंटेनर (कर्नलचा एखादा भाग सांभाळणारा) अजून जन्माला यायचाय. म्हणून तर टॅग वेगवेगळे आहेत, चालवून बघितलं असेल तर टेस्टेड-बाय, वाचून तपासलं असेल तर रिव्ह्यूड-बाय. वाचलेल्याने चालवल्याचा आव आणायचा नाही, बस. उलट हार्डवेअर नसलेला माणूस कधीकधी जास्त नीट वाचतो असं मला वाटतं, कारण त्याला "चालतंय की" असं म्हणून सुटता येत नाही.

तरी हात शिवशिवत असतील तर एक जुगाड आहे आणि तो कर्नलमध्येच आहे. आय-टू-सी-स्टब नावाचं मॉड्यूल, त्याला एक पत्ता द्यायचा, समजा हेक्समधला 48, आणि ते त्या पत्त्यावर खोटी चिप उभी करतं. आत काही अक्कल नाही, रजिस्टरमध्ये जे लिहाल ते परत मिळतं. पण तेवढं पुरतं! त्यात वर सांगितलेला तो ऋण आकडा भरा (आधी डेटाशीटमध्ये बघा बिट डावीकडे सरकवून ठेवलेत का, बहुतेक सेन्सरमध्ये असतात), ड्रायव्हर लावा आणि फाइल वाचा. उणे 25000 यायला पाहिजे. नाही आलं तर घरबसल्या, शून्य रुपयात बग सापडला. ही सोय फक्त एसएमबसच्या पद्धतीने बोलणाऱ्या चिपसाठी आहे हे लक्षात ठेवा, आणि तिथे इंटरप्ट वगैरे काही मिळणार नाही.

प्रश्न : एरर पाथ (काही फसलं की कोड जातो तो रस्ता) वाचा असं तुम्ही आधीच्या एका उत्तरातही म्हणाला होतात. पण वाचून सगळं कळत नाही, तो चालवायचा कसा? एरर मुद्दाम आणणार कुठून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आणता येते. कर्नल बनवताना फॉल्ट इंजेक्शनचे पर्याय चालू करा, मग मेमरी मागितली की कर्नल ठरवून नकार देऊ शकतो. त्यातली मला आवडणारी सोय म्हणजे "नेमकी कितवी मागणी फेल कर" असं सांगता येतं. पहिली फेल करून ड्रायव्हर लावायचा, मग दुसरी, मग तिसरी, असं करत जायचं जोवर प्रोब नीट पार पडत नाही, आणि एवढ्यात मेमरीच्या नकाराचा प्रत्येक रस्ता एकदा चालून होतो. सोबत केसॅन, म्हणजे सोडून दिलेल्या मेमरीला हात लावला की ओरडणारं, आणि लॉकडेप, लॉकचा क्रम उलटा झाला की ओरडणारं, ही दोन चालू ठेवा. मशीन कासवासारखं चालेल, चालू द्या.

हे जड वाटत असेल तर आधी फुकटातलं करा. सिसएफएसमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये बाइंड आणि अनबाइंड अशा दोन फाइल असतात, अनबाइंडमध्ये डिव्हाइसचं नाव लिहिलं की ड्रायव्हर त्याच्यापासून सुटतो, बाइंडमध्ये लिहिलं की परत लागतो. शेलमध्ये चार ओळींचा लूप लिहा, हजार वेळा सोडा-लावा, आणि दुसऱ्या टर्मिनलवर त्याच वेळी तापमानाची फाइल सतत वाचत राहा. रात्री लावून झोपा. डेस्कवर एकदा लावलेला सेन्सर माणूस काढत नाही, त्यामुळे रिमूव्ह हे फंक्शन कित्येकदा लिहिल्यापासून एकदाही चाललेलं नसतं, पहिल्या मिनिटाला आपटलेले ड्रायव्हर मी बघितलेत.

प्रश्न : चेकपॅच शून्य एरर, शून्य वॉर्निंग देतंय तरी माझा पॅच परत आला. मेंटेनर म्हणतो तुकडे करून पाठव. चालणारा कोड आहे, तुकडे कशाला? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : चेकपॅच हस्ताक्षर तपासतं, उत्तर नाही. टॅब आहेत का, ओळ फार लांब आहे का, सही आहे का, एवढंच. तुझ्या पॅचमध्ये (पत्रासोबत पाठवलेला वाचला) एका फंक्शनचं नाव बदललंय, एक बग सुधारलाय आणि एक नवीन फीचर आहे, तिन्ही एकत्र. उद्या त्या फीचरमुळे कोणाचं मशीन बूट होत नाही म्हणून पॅच उलटा फिरवायची वेळ आली तर तुझी बगची दुरुस्तीही त्याच्याबरोबर गेली. शिवाय गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) वापरून बायसेक्ट करणारा माणूस, ज्याला हजारो पॅचमधून नेमका कशाने घोटाळा झाला ते शोधायचंय, तो तुझ्या पॅचवर येऊन थांबेल आणि तिघांपैकी कोण हे त्याला कळणार नाही. तीन पॅच कर, बगवाला पहिला ठेव, त्यात फिक्सेसचा टॅग (कुठल्या जुन्या पॅचमधली चूक सुधारली ते सांगणारा) घाल, म्हणजे तो एकटाच उचलून जुन्या स्टेबल कर्नलमध्ये (दुरुस्त्या घेत राहणाऱ्या आधीच्या आवृत्त्या) नेता येईल. आणि खचू नकोस गं, तुकडे कर म्हणाला म्हणजे त्याने वाचलाय.

प्रश्न : ड्रायव्हरच्या चुकीने हार्डवेअर खरंच कायमचं खराब होतं का? का घाबरवायला सांगतात? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : होतं. 2008 चं उदाहरण सांगते, जरा तपशिलात सांगते कारण त्यात एक मजेशीर वळण आहे. 2.6.27 या कर्नलच्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्या लोकांची इंटेलची नेटवर्क कार्डं अचानक मरायला लागली. ई1000ई नावाचा ड्रायव्हर वापरणारी कार्डं ही. कार्डावरच्या ज्या छोट्या कायमस्वरूपी मेमरीत त्याचा पत्ता आणि सेटिंग असतात तीच खराब होत होती, म्हणजे रीबूट करून, जुना कर्नल टाकून, काही उपयोग नाही. साहजिकच सगळ्यांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. काही डिस्ट्रोंनी (तयार लिनक्स वाटणाऱ्यांनी) आपल्या बीटा आवृत्त्यांमध्ये तो ड्रायव्हर बंदच केला, ड्रायव्हरमध्ये त्या मेमरीला राइट-प्रोटेक्ट करणारे पॅच आले.

आणि ड्रायव्हर निर्दोष निघाला. खरा चोर होता एफट्रेस, कर्नलची फंक्शनं कधी चालतात ते नोंदवणारी सोय. ती फंक्शनांचे पत्ते लिहून ठेवायची आणि नंतर त्या पत्त्यांवर जाऊन कोड बदलायची. पण मॉड्यूल सुरू होतानाचा जो कोड असतो तो एकदा चालला की कर्नल ती जागा मोकळी करतो, आणि तो मोकळा झालेला पत्ता पुढे नेमका नेटवर्क कार्डाच्या मेमरीला मिळायचा. एफट्रेस त्या जुन्या पत्त्यावर यायची, तुलना करायची की इथे माझं अपेक्षित इन्स्ट्रक्शन आहे का, नसेल तर काही बदलायचं नाही, म्हणजे सुरक्षितच की! फक्त एक्स86 प्रोसेसरचं ते तुलना-करून-बदल इन्स्ट्रक्शन तुलना जुळली नाही तरी त्या जागी लिहितंच. साध्या रॅममध्ये जुनीच किंमत परत लिहिल्याने काही बिघडत नाही, पण इथे समोर फ्लॅश होती. ऑक्टोबरमध्ये आलेल्या 2.6.27.1 मध्ये ती सोय बंद करून टाकली.

म्हणून एखादा पॅच हार्डवेअरच्या कायमस्वरूपी मेमरीत, चार्जिंगच्या व्होल्टेजमध्ये किंवा रेग्युलेटरच्या मर्यादांमध्ये हात घालत असेल तर मी तिथे दुप्पट वेळ देते. बाकी चुका रीबूटने निस्तरतात, या नाही.

प्रश्न : सीनियर म्हणतात "टाक ना तुझा रिव्ह्यूड-बाय, काय फरक पडतो". खरंच काय फरक पडतो? आणि मुद्दाम वाईट पॅच पाठवणारे असतात म्हणे, ते कसे ओळखायचे? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : फरक पडतो. रिव्ह्यूड-बाय म्हणजे मी तांत्रिक बाजूने वाचलंय, जे खटकलं ते सांगितलंय, आणि माझ्या माहितीत आता यात दोष उरलेला नाही, असं नावानिशी लिहून देणं. हमी नाही ती, बग निघाला तर कोणी दारात येत नाही, पण ते नाव गिटमध्ये कायम राहतं. नुसतं "मला चालेल" म्हणायचं असेल तर अ‍ॅक्ड-बाय आहे, तेही ज्याचा त्या कोडशी संबंध आहे त्याने द्यायचं.

माझाच किस्सा. बऱ्याच वर्षांपूर्वी, तेव्हाच्या एका नोकरीत, एका टचस्क्रीनच्या ड्रायव्हरचा पॅच आला, सहा ओळी. कंट्रोलर तयार नसेल तर लगेच बाहेर पड, असा एक तपास वाढवला होता. एकदम शहाणपणाचा वाटला, दहा मिनिटांत माझं नाव दिलं. डिफमध्ये (पॅचमध्ये दिसणाऱ्या फरकात) बदललेल्या ओळीच्या वर-खाली तीन-तीन ओळीच दिसतात आणि म्यूटेक्स घेतला होता तो 30 ओळी वर. नवीन रिटर्न कुलूप न उघडताच बाहेर पडत होता. पुढे कधीतरी स्क्रीन एकदा गोठली की गोठलीच, आणि शोधायला दोघा जणांचा जवळजवळ आठवडा गेला, त्यातली एक मी. तेव्हापासून पॅच मेलमध्ये वाचून कधी नाव दिलं नाही, आधी झाडावर (कर्नलच्या पूर्ण सोर्सवर) लावायचा, अख्खं फंक्शन उघडायचं, मग बोलायचं.

मुद्दाम पाठवणाऱ्यांबद्दल. 2021 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण गाजलं. तिथल्या संशोधकांनी छोट्या-छोट्या दुरुस्त्या वाटतील असे पॅच पाठवून त्यातून खोट आत शिरवता येते का याचा प्रयोग केला होता, रिव्ह्यू करणाऱ्यांना न विचारता. स्टेबल कर्नल सांभाळणारे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून पॅच घेणंच थांबवलं, आणि आधीचे शेकडाभराहून जास्त पॅच परत तपासायला काढले. संशोधकांनी माफी मागितली, शोधनिबंध मागे घेतला गेला. बहुतेक जुने पॅच तपासाअंती ठीक निघाले पण ज्यांनी तपासले त्यांचे दिवस गेले ते गेले. आता बघा, तो प्रयोग एरर पाथवरच बेतलेला होता, "इथे मेमरी परत करायची राहिली" अशी दुरुस्ती, आणि ती मेमरी पुढे कोणीतरी वापरतंय. तसल्या पॅचला नियत ओळखून अडवता येत नाही. चांगल्या नियतीचा माणूसही हुबेहूब तोच पॅच पाठवतो, दर आठवड्याला पाठवतो. म्हणून पाठवणाऱ्याचा नाद सोडा, त्याला एवढंच विचारा की ही मेमरी यानंतर कोण कोण वापरतं ते दाखव.

प्रश्न : पॅच पाठवून 12 दिवस झाले, मेंटेनरचं काही उत्तर नाही. परत पाठवला तर चिडतील का? ऐकलंय की तिकडे फार शिव्या देतात. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : 12 दिवस म्हणजे काहीच नाही हो. निदान एक आठवडा थांबा असं कर्नलचं स्वतःचं मार्गदर्शन सांगतं आणि दोन-तीन आठवडे लागणं रोजचं आहे. तारीख पण बघा. कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी निघतो, त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचे), तेव्हा मेंटेनर आधीचं गोळा केलेलं वर पाठवण्यात गढलेले असतात, म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे नवीन कापड घेऊन जाण्यासारखं. आरसी1 (पहिली चाचणी आवृत्ती) आली की मग आठवण करा, त्याच मेलला उत्तर देऊन, दोन ओळीत. योग्य माणसाला पाठवलाय ना हेही गेट-मेंटेनर ही कर्नलमधली स्क्रिप्ट चालवून एकदा बघा, आणि मेल साध्या मजकुरात होता ना, एचटीएमएल मेल त्या मेलिंग लिस्ट घेतच नाहीत.

शिव्यांचं म्हणाल तर पूर्वी होतं, नाही म्हणत नाही. 2018 च्या सप्टेंबरमध्ये लिनस यांनी स्वतःच माफी मागून काही आठवडे सुट्टी घेतली होती आणि त्याच सुमारास आचारसंहिताही आली. आता बोलणं तुटक असतं, रागीट क्वचितच. "नाही. का?" एवढंच उत्तर आलं तर तो राग नसतो, त्या दिवशी त्या माणसाला शंभर मेल आलेले असतात. आणि वाट बघताना हात रिकामे असतील तर त्याच लिस्टवरचा दुसऱ्या कोणाचा पॅच वाचा. मेंटेनरला सगळ्यात जास्त कमी कशाची असेल तर वाचणाऱ्यांची.

प्रश्न : एका ओळीच्या पॅचलाही रिव्ह्यू लागतो का? मी फक्त माझ्या यूएसबी वायफाय डोंगलचा आयडी ड्रायव्हरच्या यादीत घातलाय. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : लागतो, पण पाच मिनिटांचा. मी एवढंच विचारीन, हा आयडी दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरच्या यादीत आधीपासून नाही ना? कारण स्वस्तातल्या डोंगलमध्ये कंपन्या नाव आणि आयडी तोच ठेवून आतली चिप बदलतात, आणि मग दोन ड्रायव्हर एकाच डोंगलवर हक्क सांगतात. यादी आयडीच्या क्रमाने लावलेली असेल तर क्रम पाळा, शेवटी चिकटवू नका. पॅचच्या वर्णनात डोंगलचं मॉडेल आणि एलएसयूएसबी या कमांडने दाखवलेली माहिती घाला, डेटा जातो-येतो का, स्पीड किती मिळाला, सस्पेंड करून उठवल्यावर चालतो का, हे दोन वाक्यांत. साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे तुमच्या नावाची सही, विसरू नका, निनावी पॅच घेत नाहीत. स्टेबलची सीसी टाका, साधा नवीन आयडी असेल तर तो जुन्या स्टेबल कर्नलमध्येही घेतात, म्हणजे तुमच्या डिस्ट्रोपर्यंत यायला पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट बघायला नको. मला कॉपी पाठवली होती ती बघितली, क्रमाचं सोडलं तर ठीक आहे. दुसरी आवृत्ती पाठवाल तेव्हा वर व्ही2 लिहा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली.